शेजारच्या आसनावरून

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना गेली कित्येक वर्षे मी विद्यार्थ्यांना एक ठरावीक वाक्य सांगत आले आहे : प्रवासवर्णनाच्या केंद्रस्थानी प्रवास नसतो, प्रवासी असतो. वाक्य चुकीचे नाही, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण 'प्रवासी' हा शब्द मराठीत एकवचनी आणि अनेकवचनी असा दोन्ही चालतो आणि आपण त्याच्यापुढे न चुकता 'असतो' हे एकवचनी क्रियापद ठेवतो, याकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले एका तांबड्या, दोन आसनांच्या मोटारीमुळे. आणि तेही माझ्या हातून एक चूक होऊन गेल्यानंतर. त्या चुकीच्या निमित्ताने काही विचार येथे मांडते आहे.

माझी एक मैत्रीण अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते. एम. ए.ला आम्ही एका बाकावर बसत होतो. ती तेव्हा कविता लिहीत असे, नंतर लिहिनाशी झाली. तिचे यजमान अभियंता आहेत, मूळचे चिपळूणचे. कुंभार्ली घाटातून जाणाऱ्या एसटीत चालकाच्या जवळची जागा धरून, त्याचा गिअरवरचा हात पाहत त्यांचे बालपण गेले. त्या वेडाची परतफेड त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर केली. १९९२ सालची एक जुनी माझ्दा मियाटा त्यांनी विकत घेतली आणि दोन हिवाळे गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.

ज्यांना मोटारींचे वेड नाही त्यांच्यासाठी (मीही त्यांतलीच) थोडी माहिती देणे आवश्यक आहे. मियाटा ही जपानी स्पोर्ट्‌स कार १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. वजनाला टनाच्या आसपास, १.६ लिटरचे इंजिन, कापडी टप, दिवे लावले की झोपेतून डोळे उघडावेत तसे बॉनेटमधून वर येणारे हेडलाइट, आणि आसने फक्त दोन. २०१६ साली या गाड्यांच्या उत्पादनाने दहा लाखांचा आकडा ओलांडला. दोन आसनी स्पोर्ट्‌स कारमध्ये जगात सर्वाधिक खपलेली गाडी ती हीच. तिच्या निर्मात्यांनी रचनेचे सूत्र म्हणून एक जपानी शब्दप्रयोग स्वीकारला होता : 'जिन्बा इत्ताइ', म्हणजे घोडा आणि स्वार यांचे एकरूप होणे. सूत्र सुंदर आहे. पण घोडा आणि स्वार मिळून दोन झाले. मग दुसऱ्या आसनावर बसणाऱ्या माणसाची या सूत्रात जागा कोणती, हा प्रश्न मला पुष्कळ उशिरा पडला.

२०१८च्या ऑक्टोबरात हे दोघे त्या गाडीतून चार दिवसांच्या प्रवासाला निघाले. रस्ता होता ब्लू रिज पार्कवे. व्हर्जिनियातील शेनान्डोआ आणि नॉर्थ कॅरोलायना-टेनेसीच्या सीमेवरील ग्रेट स्मोकी माउंटन्स या दोन राष्ट्रीय उद्यानांना जोडणारा हा ४६९ मैलांचा, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटरचा डोंगरमाथ्यावरून जाणारा रस्ता. महामंदीच्या काळात, १९३५ साली, त्याचे काम सुरू झाले. ते पूर्ण व्हायला १९८७ साल उजाडले. शेवटी राहिलेल्या टप्प्यात ग्रँडफादर माउंटनच्या कुशीतला लिन कोव्ह हा पूल आहे. डोंगराची कातळ-झाडी दुखावू नये म्हणून काँक्रीटचे १५३ तुकडे आधी तयार करून, एकापुढे एक जोडत तो बांधला गेला.

या रस्त्याची कल्पनाच मुळी वेगळी आहे. कुठे तरी पोहोचण्यासाठी तो बांधलेला नाही. मोटारीतून पाहत जाण्यासाठी बांधला आहे. मालवाहू ट्रकांना त्यावर मज्जाव, जाहिरातींचे फलक नाहीत, आणि वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल. आपल्या महाबळेश्वरला जसे पॉइंट आहेत तशा थांबण्याच्या जागा वाटेवर शेकड्यांनी आहेत. वळण कुठे घ्यायचे, झाडी कुठे राखायची, दरी एकदम कुठे उघडायची, हे स्टॅन्ली अ‍ॅबट या भूदृश्यकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवले. वाङ्मयाच्या परिभाषेत बोलायचे तर हा रचलेला, संपादित केलेला रस्ता आहे.

प्रवासाहून परतल्यावर यजमानांनी एक लेख लिहिला. तिथल्या मराठी मंडळाच्या २०१९च्या दिवाळी अंकात तो यायचा होता. "तुम्ही मराठीच्या प्राध्यापक, जरा नजर टाका," अशा पत्रासह तो माझ्याकडे आला. मी नजर टाकली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, दोन लांबलेली वाक्ये तोडली, एक उपमा काढायला सांगितली. लेख मला आवडला, आणि हे मी आजही मागे घेत नाही. त्यात पार्कवेचा भाग थोडका होता. भर होता चौथ्या दिवसावर. त्या दिवशी त्यांनी पार्कवे सोडून 'टेल ऑफ द ड्रॅगन' नावाने ओळखला जाणारा रस्ता गाठला. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवरचा हा अकरा मैलांचा तुकडा. त्यात ३१८ वळणे आहेत असे सांगतात, आणि तेवढ्यासाठी देशभरातून मोटारी आणि मोटारसायकली तिथे येतात. वळण डोळ्यांच्या आधी हाताला कसे कळते, तिसरा गिअर कुठे पुरतो आणि कुठे दुसऱ्यावर यावेच लागते, इंजिनाचा सूर बदलला की पायाला आपोआप काय करावेसे वाटते, हे सारे त्यांनी कोणताही आव न आणता लिहिले होते.

मराठीत हा अनुभव विरळा आहे. आपण घाट पाहिले ते बहुधा एसटीच्या खिडकीतून. गाडी चालवणारा वेगळा आणि पाहून लिहिणारा वेगळा, ही आपल्या प्रवासलेखनाची मूक अट होती. तिकडेही प्रारंभी ती होतीच. एडिथ व्हार्टन या कादंबरीकर्तीचे फ्रान्समधील मोटारप्रवासाचे पुस्तक १९०८ सालचे. त्यातल्या मोटारीला पगारी चालक होता. पुस्तक आहे ते त्याच्या मागे बसून पाहणाऱ्या बाईंचे. त्या चालकाला ते डोंगर कसे दिसले हे आपल्याला कधीच कळणार नाही. तेव्हा शेजारच्या वा मागच्या आसनावरचे माणूस नेहमीच मुके असते असा सिद्धान्त मला मांडायचा नाही. लेखणी ज्याच्या हाती नसते ते माणूस मुके राहते. मग ते कुठल्याही आसनावर बसलेले असो. यजमानांच्या लेखात चालकाच्या हाती लेखणी आली होती, आणि म्हणून मला तो नवा वाटला होता.

अंक निघाला. लेखासोबत एक छायाचित्रही होते. ड्रॅगनच्या वळणांवर व्यावसायिक छायाचित्रकार बसलेले असतात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची छायाचित्रे काढून ते विकतात. त्यांतलेच हे एक. तांबडी गाडी वळणात किंचित कललेली, टप उघडा, यजमानांची नजर रस्त्यावर खिळलेली. माझी मैत्रीण बाजूला, मान पूर्ण वळवून, चौकटीबाहेरच्या कशाकडे तरी पाहते आहे.

२०२२च्या मे महिन्यात सुटीत त्यांच्याकडे आठ दिवस राहण्याचा योग आला. गॅरेजमध्ये जाऊन गाडी पाहिली. "तुम्हांला फिरवून आणले असते, पण मग ही घरी राहणार," असे यजमान हसत म्हणाले. दोन आसनांच्या गाडीचे व्याकरण इतके साधे आहे. रात्री जेवणे झाल्यावर ते पुन्हा त्या प्रवासाबद्दल बोलले. मैत्रीण ताटे उचलत होती. मी तिला सहज म्हटले, "तुझ्या आठवणीत काय राहिले त्या रस्त्याचे?" ती म्हणाली, "अगं, रस्ता त्यांनी चालवला. पाहिला मी." आणि आतून एक लहानशी वही घेऊन आली.

पार्कवेवर दर मैलाला दगड आहे, शून्यापासून ४६९पर्यंत. तिने वहीत दगडांचे आकडे घालून नोंदी केल्या होत्या. एकेक ओळीच्या, फार तर दोन ओळींच्या. एका आकड्यापुढे फक्त रानफुलाचा रंग होता. एका ठिकाणी, "इथे वारा टपात शिरतो, एकमेकांचे काही ऐकू येत नाही, हाताने दाखवले, तर ते म्हणाले, आत्ता नको" असे होते. ३६४व्या मैलापाशी क्रॅगी गार्डन्स आहे. तिथे धुके होते आणि धुक्यात एक म्हातारे जोडपे मोटारीतच बसून डबा खात होते, अशी नोंद होती. १७६व्या मैलावर मेब्री मिल आहे. या रस्त्यावरचे बहुधा सर्वांत अधिक छायाचित्रे काढले जाणारे ठिकाण. जुनी पाणचक्की, तळे, आणि शेजारी ओंडक्यांची झोपडी. तिने तिथल्या नोंदीखाली घरी आल्यावर वाचून आणखी दोन ओळी जोडल्या होत्या : ही झोपडी मेब्री कुटुंबाची नाही. ते राहत होते ते फळ्यांचे दुमजली घर. रस्ता झाल्यावर ते पाडले गेले, आणि डोंगरी जीवनाचे चित्र शोभून दिसावे म्हणून ओंडक्यांची झोपडी दुसरीकडून आणून ठेवली. पुढे तिचे एकच वाक्य होते : "म्हणजे ज्या बाईंनी या घरात संसार केला त्यांना हे घर ओळखता आले नसते."

वही वाचून मी यजमानांचा लेख पुन्हा काढला. त्यात माझी मैत्रीण कितीदा येते ते मोजले. दोनदा. एकदा "सौ.ने थर्मास काढला" आणि एकदा "सौ. घाबरून डोळे मिटून बसली होती". लेखाच्या शेवटी "मी आणि माझी मियाटा" असे शब्द होते. हा लेख मी तपासला होता. 'सौ.'नंतरचे पूर्णविराम मी तपासले होते. ती कुठे आहे, असे मात्र मी विचारले नव्हते. आणि तिने डोळे मिटले नव्हते हे छायाचित्रात माझ्या समोर होते.

चूक यजमानांची आहे असे मी म्हणणार नाही. डोंगरी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला दरीकडे पाहता येत नाही. पाहिले तर दोघेही दरीत जातील. त्यांनी जे पाहिले ते लिहिले आणि प्रामाणिकपणे लिहिले. शेजारच्या माणसाचे आपण गृहीत धरतो तसे त्यांनी धरले. माझी गोष्ट वेगळी. वाचन हा माझा व्यवसाय. संहितेत कोण बोलत नाही ते ऐकायला मी मुलांना शिकवते. पुलंच्या १९६० सालच्या 'अपूर्वाई'नंतर तीस वर्षांनी, १९९० साली, सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा मराठी वाचकाला एका घरातल्या दुसऱ्या खुर्चीची जाणीव कशी झाली, यावर मी दरवर्षी एक तास घेते. तरीही माझ्याच मैत्रिणीच्या बाबतीत ती खुर्ची मला दिसली नाही. याचे कारण माझ्या मते व्यक्तिगत निष्काळजीपणाहून थोडे खोल आहे. प्रवासवर्णनाचा जो साचा आपण शिकवतो त्यात निवेदक एकच असतो, आणि सोबतीच्या माणसाला विनोदासाठी, डब्यासाठी किंवा भीतीसाठी ठेवलेले असते. साचा इतका अंगवळणी पडला आहे की त्यातली रिकामी जागा रिकामी वाटत नाही.

हा साचा केवळ आपलाच नाही. स्कॉट फिट्झजेराल्ड आणि झेल्डा हे नवविवाहित जोडपे १९२० साली एका जुन्या मार्मन मोटारीतून कनेटिकटहून अलाबामातील तिच्या माहेरी, माँटगोमेरीला निघाले. स्कॉटने त्यावर 'द क्रूझ ऑफ द रोलिंग जंक' हा खुसखुशीत लेख लिहिला. १९२४ साली तो 'मोटर' या मासिकात तीन भागांत आला. झेल्डाला तिच्या गावाकडचे पीच आणि बिस्किटांची न्याहारी हवीशी वाटली, हे त्यातले प्रवासाचे निमित्त. झेल्डा तिथे आहे, पण त्याच्या लेखणीतून आहे. पुढे १९३४ साली 'एस्क्वायर' मासिकात दोघांच्या नावे एक लेख आला. हॉटेलांच्या खोल्यांच्या आठवणींतून त्यांच्या सहजीवनाचा हिशेब त्यात मांडला आहे. तो बहुतांशी झेल्डाने लिहिला होता, हे आता अभ्यासकांना मान्य आहे. त्याचा लेख त्याच्या एकट्याच्या नावे आणि तिचा लेख दोघांच्या नावे, एवढ्या एका तपशिलात पुष्कळ काही सांगून होते.

याहून वेगळे उदाहरणही आहे, आणि ते माझ्या वर्गात मी आता आवर्जून सांगते. १९८२च्या मे-जूनमध्ये अर्जेंटिनाचा थोर कथाकार हुलिओ कोर्तासार आणि त्याची पत्नी, लेखिका व छायाचित्रकार कॅरोल डनलॉप, पॅरिसहून मार्सेयला निघाले. त्यांची गाडी स्पोर्ट्‌स कारच्या अगदी उलट टोकाची : मागे झोपण्याची सोय असलेली फोक्सवॅगन व्हॅन, लाडके नाव फाफ्नर. महामार्ग सोडायचा नाही आणि रोज फक्त दोन विश्रांतिस्थळे घ्यायची, असा त्यांनी आपल्यापुरता नियम केला. एका दिवसात उरकणारा प्रवास तेहतीस दिवस चालला. त्याचे पुस्तक दोघांनी मिळून लिहिले. ते १९८३ साली प्रसिद्ध झाले तेव्हा डनलॉप हयात नव्हती. नोव्हेंबर १९८२मध्ये ती गेली. फेब्रुवारी १९८४मध्ये कोर्तासारही गेला. दोघांची प्रकृती ठीक नव्हती हे लक्षात घेतले की त्या खेळकर संथपणाचा अर्थ पालटतो. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की वेग कमी केल्यामुळे त्यांना एकच दृश्य दोघांनी पाहण्याची आणि मग दोघांनी सांगण्याची सवड मिळाली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो यजमानांनीच घेतला. मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलले तेव्हा ते म्हणाले, "पण लेख कोणा एकाचा असायला नको का? दोघांनी लिहिला तर तो अहवाल होईल." आक्षेप सयुक्तिक आहे. प्रत्येक प्रवासलेख दोघांनी लिहावा असे माझे म्हणणे नाही. तसा नियम करणे हास्यास्पद होईल. एकाच्या लेखात दुसऱ्याची नजर आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. 'ती घाबरून डोळे मिटून बसली' हे वाक्य लिहिण्यापूर्वी 'तू काय पाहत होतीस?' असे विचारले असते तर लेख त्यांचाच राहिला असता आणि अधिक खरा झाला असता. त्यांना ३१८ वळणे दिसली ती खरीच. पण त्या वळणांबाहेर जे होते ते जाणण्याचा त्यांच्यापाशी एकच मार्ग होता, आणि तो हातभर अंतरावर बसलेला होता. धावत्या उघड्या गाडीत वाऱ्याने बोलणे ऐकू येत नाही हे मान्य. पण प्रवासवर्णन तर घरी आल्यावर लिहितात.

२०२४च्या सप्टेंबर अखेरीस हेलीन चक्रीवादळाचा पाऊस त्या डोंगरांवर कोसळला. पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात मोठी मनुष्यहानी झाली, पूल आणि घरे वाहून गेली. पार्कवेवर ठिकठिकाणी दरडी आल्या, कुठे रस्ताच खचला, असंख्य झाडे आडवी झाली, आणि कितीतरी मैल वाहतुकीला बंद करावे लागले. त्या आठवड्यात मैत्रिणीला दूरध्वनी केला. दोघे सुखरूप होते. घरात चार दिवस वीज नव्हती. ती म्हणाली, "हे रोज रात्री वही मागतात. मी एकेक दगड वाचते, आणि ते विचारतात, इथे डाव्या हाताला काय होते?"

पार्कवेचे तुकडे पुढे टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडत गेले. यजमानांचा दुसरा लेख अजून आलेला नाही; येईल तेव्हा मी तो तपासणार नाही असे त्यांना कळवले आहे, मैत्रिणीने तपासावा. मी माझ्यापुरता एवढा बदल केला आहे : प्रवासवर्णनाच्या घटकाला आरंभ करताना मुलांना घरच्या एखाद्या सहलीवर लिहायला सांगते. ते लिहून झाले की तीच सहल बरोबरच्या दुसऱ्या कोणाला तरी विचारून, त्याच्या जागेवरून पुन्हा लिहायला सांगते. पहिले लेखन बहुतेकांचे तासाभरात होते. दुसऱ्यासाठी पुष्कळ जण मुदत वाढवून मागतात, कारण त्यासाठी घरी जाऊन आईशी बोलावे लागते.